हुबेहूबपणाचा हट्ट

गळाने मासे धरण्याच्या छंदात एक मत इतकं मुरलं आहे की आता त्याला कुणी मत म्हणत नाही, शिस्त म्हणतात. ती शिस्त सांगते की फ्लाय किंवा जिग स्वतः बांधणं ही या छंदाची शेवटची पायरी आहे. आधी काही वर्षं विकतच्या फ्लाय वापराव्यात, पाण्यातले कीटक ओळखायला शिकावं, चार जाणत्यांचे हात पाहावेत आणि मग पुरतं सामान जमवून बांधायला बसावं. या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. फ्लाय ही कीटकाची नक्कल आहे, नक्कल हुबेहूब नसेल तर मासा फसत नाही, आणि तशी नक्कल साधायला शेकडो पिसं, रंगवलेलं रेशीम, दुर्मिळ केस आणि कसलेला हात हवा.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. बांधणं सुरुवातीलाच शिकावं, थोडक्या आणि साध्या सामानावर शिकावं, आणि हुबेहूबपणाची चिंता बराच काळ बाजूला ठेवावी. ही नवशिक्याला दिलेली सवलत नव्हे. या कलेचा स्वतःचा इतिहास आणि माशाला पाण्याखालून जग कसं दिसतं ते, दोन्ही याच बाजूने साक्ष देतात.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, लोकर किंवा केस बांधून केलेलं खोटं आमिष. ते इतकं हलकं असतं की स्वतःच्या वजनावर लांब जात नाही, म्हणून ते फेकायला जाड, वजनदार दोरी वापरतात. जिगच्या गळाला डोक्याशीच धातूचा गोळा असतो. तो पाण्यात चटकन खाली जातो आणि छडी उचलली की उडी मारून वर येतो. दोन्ही बांधण्याची रीत जवळजवळ एकच आहे.

विरुद्ध पक्ष दुबळा करून मांडणं अन्यायाचं होईल, म्हणून त्याचा सगळ्यात थोर प्रवक्ता घेऊ. फ्रेडरिक हॅल्फर्ड (1844–1914) दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट नदीवर मासेमारी करत असे. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या टेकड्यांमधून झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. पाणी काचेसारखं स्वच्छ, वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं, प्रवाह संथ आणि कीटकांची रेलचेल. तिथला ट्राउट मासा पृष्ठभागाखाली एका जागी तरंगत राहतो, वरून वाहत येणारा प्रत्येक कीटक निरखतो आणि पसंत नसेल तर सोडून देतो. अशा माशासमोर बसून हॅल्फर्डने 1886 साली तरंगत्या फ्लाय बांधण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात हाताने रंगवलेली 90 चित्रं होती. 1889 मध्ये त्याने कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायचा सिद्धान्त आणि व्यवहार मांडला. कीटकाची जात कोणती, नर की मादी, नुकताच बाहेर पडलेला की अंडी घालायला परतलेला, हे ओळखून त्या अवस्थेची, त्या छटेची फ्लाय बांधायची. निरीक्षण इतकं काटेकोर होतं की आजही ते वाचताना माणसाबद्दल आदर वाटतो. आणि त्या पाण्यावर त्याला यशही मिळत होतं, हे नाकारण्याचं कारण नाही.

पण त्याच हॅल्फर्डने पुढे काय केलं, हे त्याचं नाव घेणारे फारसं सांगत नाहीत. 1910 साली त्याने आपल्या फ्लायची शेवटची, सुधारलेली मालिका प्रसिद्ध केली. तिच्यात 33 नमुने होते. ज्याने चोवीस वर्षांपूर्वी 90 चित्रं दिली, तो आयुष्यभराच्या अनुभवानंतर जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. हुबेहूबपणावरची त्याची श्रद्धा कायम होती, पण पेटीत काय ठेवायचं हे पाण्याने त्याला शिकवलं होतं.

त्याच 1910 मध्ये जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाचं छोटं पुस्तक आलं. स्क्यूज इचेनवर, विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टनला मासेमारी करत असे. ट्राउट वर येऊन पाणी हलवतो, पण तरंगती फ्लाय घेत नाही, असं त्याला वारंवार दिसलं. मग त्याने धरलेल्या माशांच्या पोटातला ऐवज हाडातला मगज काढण्याच्या लांब चमच्याने काढून पांढऱ्या ताटलीत पाण्यात सोडून पाहिला. त्यात बरेचसे होते निंफ, म्हणजे अजून पंख न फुटलेले, पृष्ठभागाखालीच गिळलेले कीटक. त्याने बुडणाऱ्या, आखूड, मऊ पिसाच्या फ्लाय बांधल्या आणि मासे धरले. हॅल्फर्डच्या अनुयायांना हा नदीच्या नीतीचा भंग वाटला. वाद इतका पेटला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चासभा भरली, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या स्क्यूजला आपली बाजू मांडत उभं राहावं लागलं. आज जगातल्या बहुतेक ट्राउट-नद्यांवर निंफ सर्रास चालतो. आपल्या विषयापुरतं या वादातून हाती येतं ते एवढंच: माशाने फ्लाय नाकारली, तर दरवेळी दोष छटेचा नसतो. बहुतेकदा फ्लाय चुकीच्या खोलीवर असते.

स्क्यूजनंतर आला फ्रँक सॉयर. विल्टशरमध्ये एव्हन नदीच्या वरच्या पट्ट्यावर तो रखवालदार होता. पुस्तकी शिक्षण बेताचं, पण नदीच्या काठावर आयुष्य गेलेलं. त्याचं निंफवरचं पुस्तक 1958 साली आलं. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना, फेझंट टेल निंफ, दोनच गोष्टींनी बनतो: फेझंट पक्ष्याच्या शेपटाच्या पिसाचे चार-पाच तंतू आणि तांब्याची केसासारखी बारीक तार. दोराही नाही. तारच बांधते आणि तारच बुडवते. या निंफला पाय नाहीत, आणि ते मुद्दाम दिलेले नाहीत. सॉयरने नदीत पाहिलं होतं की पोहणारा निंफ पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो. म्हणजे इथे निरीक्षण हॅल्फर्डइतकंच बारीक आहे, फक्त त्यातून निघालेला निर्णय वजाबाकीचा आहे. एकच नमुना, दोन-तीन आकारांत, एकमेकांसारख्या कितीतरी जातींच्या निंफांचं काम करतो.

सॉयरच्या दुसऱ्या एका फ्लायची कथा या वादात फार बोलकी आहे. तांब्याच्या तारेवर रफू करायची लोकर गुंडाळून त्याने गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारखा एक किडा केला, प्रामुख्याने ग्रेलिंग माशासाठी. ती लोकर चॅडविक कंपनीची, 477 क्रमांकाची होती. पुढे कंपनीने ती छटा बनवणं बंद केलं आणि लोक जुन्या दुकानांत, शिवणाच्या डब्यांत तिचे गुंडे शोधू लागले, चढ्या किमतीला विकत घेऊ लागले. सॉयरने हाताशी असलेली, घरगुती वापरातली वस्तू घेतली होती. अनुयायांनी ती पूजेला लावली. हुबेहूबपणाचा हट्ट असा मागच्या दाराने परत येतो. आधी कीटकाची हुबेहूब नक्कल हवी होती, आता सॉयरच्या नकलेची हुबेहूब नक्कल हवी.

त्याचाच शेजारी ऑलिव्हर काइट एक पाऊल पुढे गेला. त्याने नुसत्या गळावर, निंफच्या छातीच्या जागी, तांब्याच्या तारेचे थोडे वेढे दिले. बाकी काही नाही. पीस नाही, लोकर नाही. या उघड्या गळावर त्याने ट्राउट आणि ग्रेलिंग धरून दाखवले, तेही खडूच्या त्याच चिकित्सक नद्यांच्या पट्ट्यात. हुबेहूबपणाचा सिद्धान्त जिथे जन्मला, तिथेच तो तारेच्या चार वेढ्यांपुढे टिकला नाही.

असं का व्हावं, याचं उत्तर प्रकाशाच्या वाटेत आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. वक्रीभवनामुळे ही खिडकी सुमारे 97 अंशांच्या शंकूएवढी असते. मासा जितका खोल, तितकी ती मोठी. खिडकीच्या बाहेर पाण्याची खालची बाजू आरशासारखी असते, तिच्यात तळाचं प्रतिबिंब दिसतं. तरंगणारा कीटक लांबून येत असतो तेव्हा माशाला त्याचं अंग दिसतच नाही. दिसतात त्याच्या पायांनी पृष्ठभागावर पाडलेल्या खळ्या, आरशातले चकाकणारे ठिपके. तो खिडकीच्या काठाशी आला की आधी पंखांची टोकं उमटतात. अंग सगळ्यात शेवटी दिसतं आणि तेही आकाशाच्या उजेडापुढे, बरंचसं काळसर. पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट या संथ झऱ्यावर व्हिन्सेंट मरिनारोने 1950 मध्ये आपल्या पुस्तकात हाच विचार धरून फ्लायची रचना बदलली. मग ऑलिव्ह रंगाच्या तिसऱ्या छटेसाठी रात्र जागवणाऱ्याने कुणासाठी जागवली? माशाच्या निर्णयात आधी येतो आकार, मग बाह्यरेषा, पृष्ठभागावरची ठेवण आणि हालचाल. रंगाची अचूक छटा या रांगेत मागे उभी आहे.

पाण्याखालच्या फ्लायच्या बाबतीत रंग अधिक दिसतो, हे मान्य. एकाच जातीचे कीटक हजारोंनी बाहेर पडत असतील आणि पाणी संथ असेल, तर एका आकाराने मोठी फ्लायसुद्धा मासा सोडून देतो, हेही मान्य. पण अशा वेळीसुद्धा आधी आकार बदलून पाहावा लागतो. आणि असं पाणी जगात किती आहे? काश्मीरमध्ये 1900 साली ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून ब्राउन ट्राउट रुजला, पुढे हिमाचलातही पोचला. लिद्दर किंवा तीर्थन नदीवर उभं राहून पाहा. बर्फाचं पाणी दगडांवरून फेसाळत धावत असतं. तिथल्या माशाला विचार करायला क्षणभरही मिळत नाही, तोंडाशी आलेलं घ्यायचं किंवा सोडायचं. आपल्या धरणांतला मरळ गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि हललेल्या वस्तूवर झडप घालतो. खाडीतला जिताडा आणि तांबोशी लहान मासे आणि कोळंबी खातात. हॅम्पशरच्या दोन नद्यांचं सत्य सगळ्या जगाच्या पाण्याचा कायदा झालं, हीच या मताची मूळ चूक आहे.

हॅल्फर्डच्या आधीही लोक फ्लाय बांधत होतेच. इलियनने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावर मॅसिडोनियातल्या मच्छीमारांची रीत लिहून ठेवली आहे: गळाभोवती तांबडी लोकर आणि तिला कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं. आजही हे कुणीही एका बैठकीत बांधू शकेल. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टने 1857 च्या पुस्तकात तीन ‘स्पायडर’ फ्लायवर मोठा भर दिला. रेशमाचा दोरा, त्याभोवती लहान पक्ष्याचं मऊ पीस, संपलं. मऊ पीस प्रवाहात श्वास घेतल्यासारखं हलतं आणि ती हालचालच मासा पाहतो.

आता दुसरा आधार: दुर्मिळ पिसं. या समजुतीचं शिखर म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या सॅमन-फ्लाय. जॉर्ज केल्सनने 1895 मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. ‘जॉक स्कॉट’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिच्यात टूकन, सोनेरी फेझंट, शहामृग, निळा मकाव, बस्टर्ड अशा पक्ष्यांची पिसं लागत आणि दोन्ही बाजूंना लागे आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस, ज्याच्या टोकाशी मेणाचा थेंब गोठल्यासारखा चकचकीत ठिपका असतो. त्या पिसांसाठी हा पक्षी मारला जात असे. 1902 साली भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यातच बंद झाली. हे सगळं कोणत्या माशासाठी होतं? अटलांटिक सॅमनसाठी. आणि हा मासा समुद्रातून नदीत विणीसाठी शिरला की खाणंच बंद करतो. जो खात नाही त्याच्यासाठी कुठल्या कीटकाची नक्कल करायची? त्या फ्लाय कशाचीच नक्कल नव्हत्या. त्या माणसाने माणसासाठी केलेल्या सुंदर वस्तू होत्या, आणि त्या रूपात मला त्यांचं कौतुक आहे. पण मासे धरायला त्या आवश्यक नव्हत्या, हे विसाव्या शतकात सिद्ध झालं. खारीच्या, अस्वलाच्या, बोकडाच्या साध्या केसांच्या फ्लायवर सॅमन तसेच लागत राहिले.

या हौसेचं टोक 2009 मध्ये दिसलं. लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका तरुणाने ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात खिडकी फोडून शिरून 299 पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले नमुनेही होते. सॅमन-फ्लाय बांधणाऱ्यांना विकण्यासाठी ती कातडी चोरली गेली. काही परत मिळाली, पण कितीकांच्या चिठ्ठ्या तोडून टाकल्या होत्या. पक्षी कुठे आणि कधी सापडला हेच हरवलं, की अभ्यासाच्या दृष्टीने तो नमुना संपला. दुर्मिळ पीस म्हणजे चांगली फ्लाय, या समजुतीची किंमत विज्ञानाने मोजली आहे. म्हणून नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. भारतात रानकोंबडा, सांबर, चितळ, घार, बगळा यांची पिसं किंवा केस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती वापरू नयेत. मोराचं आपोआप गळलेलं शेपटीचं पीस देशात बाळगता येतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि गावठी कोंबड्याच्या मानेवर, पाठीवर जे पीस असतं, ते स्टुअर्टच्या स्पायडरला आणि इलियनच्या तांबड्या लोकरीला उत्तम चालतं. कोंबडीवाल्याला सांगून ठेवलं तर तो मूठभर आनंदाने देतो. साबणाच्या पाण्याने धुवून वाळवली की काम झालं.

हात कसबी हवा, या आक्षेपाला फार शब्द खर्च करण्यासारखं नाही. जगातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या फ्लायचा मोठा वाटा केनिया, श्रीलंका, थायलंडमधल्या कारखान्यांत हाताने बांधला जातो. बांधणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या कितीकांनी ट्राउट पाहिलेलाही नसतो. त्या कामावर शिकल्या. ज्याला सुईत दोरा ओवता येतो आणि बटण टाकता येतं, त्याला फ्लाय बांधता येईल. दोऱ्याचा ताण हीच एक गोष्ट खरोखर शिकावी लागते. दोरा तुटेल इतका ओढून पाहावा, म्हणजे त्याच्या जरा अलीकडे कुठे थांबायचं हे बोटांना कळतं.

पैशांचा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्यात विरोधकांचं निम्मं म्हणणं मला पटतं. पैसे वाचतात म्हणून फ्लाय बांधायला लागलो, असं सांगणारे हिशेब नीट मांडत नाहीत. वर्षाला मोजक्या फ्लाय लागणाऱ्याला विकत घेणंच स्वस्त पडेल. पण खर्च वाढतो कशाने? ‘नवशिक्यांचा संच’ म्हणून जो खोका विकला जातो, त्याने. त्यात वीस नमुन्यांचं थोडं थोडं सामान असतं, एकाही नमुन्याचं पुरेसं नसतं. कात्री बोथट, गळ धरणाऱ्या व्हाइसचे जबडे मऊ, गळ घसरतो आणि माणूस स्वतःच्या बोटांना दोष देतो. असा खोका हुबेहूबपणाच्या मतातूनच जन्मतो, कारण त्या मताला विविधता हवी असते. त्याऐवजी गळ घट्ट धरणारा एक व्हाइस, दोऱ्याच्या रिळासाठी एक बॉबिन आणि टोकाला धार असलेली छोटी कात्री, इतकीच हत्यारं घ्यावीत. शेवटची गाठ दोन बोटांनी मारता येते. दोरा 140 डेनिअरचा, काळा. गळ सुरुवातीला 8 किंवा 10 क्रमांकाचे. गळाचा क्रमांक वाढतो तसा तो लहान होतो, आणि लहान गळावर शिकणं म्हणजे विनाकारण स्वतःला त्रास देणं.

पैशाचा खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी होतो. मासे राहतात झाडांच्या मुळांत, खडकांच्या कपारीत, तिवरांच्या काठाशी. महागाची, परदेशातून मागवलेली फ्लाय दोऱ्याला असली की माणूस नकळत मोकळ्या पाण्यात फेकतो, कारण ती अडकायला नको असते. आदल्या रात्री स्वतः बांधलेली सहा जिग खिशात असली की तो कपारीत फेकतो. नमुना तोच, मासे अधिक.

तर मग कशापासून सुरू करावं? माझा आग्रह जिगपासून. व्हाइसच्या जबड्यात गळाचा वाक घट्ट धरायचा. डोक्यामागच्या धातूच्या मानेवर दोऱ्याचे वेढे एकमेकांवर दाबत नेले की दोरा आपलाच आपण अडकतो, गाठ लागत नाही. मॅराबूचं एक मऊ पीस घ्यायचं (नाव मॅराबू असलं तरी आज ते टर्की पक्ष्याचं असतं), बोटं ओली करून ते चेपायचं, गळाच्या दीडपट लांबीचं मोजून शेंड्याकडचा भाग मागे राहील असं मानेवर धरायचं. दोऱ्याचा एक वेढा सैल सोडून दोन बोटांच्या चिमटीत दाबून खाली ओढायचा. हा चिमटीतला वेढा एकदा जमला की सगळ्या फ्लायचं अर्धं तंत्र हातात आलं, कारण सामान गळाभोवती फिरून न जाता जिथे ठेवलं तिथेच राहतं. उरलेला देठ कापायचा, दहा-बारा वेढे, गाठ, आणि वर नेलपॉलिशचा एक थेंब. कोरडं असताना ते पिसाच्या बेढब झुबक्यासारखं दिसतं. भांड्यात पाणी घेऊन हलवून पाहा: उचलताना पीस मिटतं, सोडताना फुलतं. माशाला हेच हवं असतं.

जिगच्या गळाचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, साठ किंवा नव्वद अंशांत वळवलेला असतो. त्यामुळे दोरी वरच्या बाजूने ओढली जाते, वजन खाली राहतं आणि गळाचं टोक आकाशाकडे वळतं. म्हणून जिग तळाच्या दगडांत कमी अडकतो. हे तत्त्व समजलं की पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने 1980 च्या दशकात काय केलं ते उलगडतं. सस्क्वेहाना नदीतल्या बास माशांसाठी त्याने साध्या गळाच्या दांड्यावर डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे बांधले, गळ उलटा फिरला आणि केसांचा पातळ झुबका त्याचं टोक झाकू लागला. हीच क्लाउझर मिनो ऑस्ट्रेलियात बॅरामुंडीसाठी वापरतात, आणि बॅरामुंडी म्हणजे आपला जिताडाच. हरणाच्या केसांऐवजी बोकडाचे लांब पांढरे केस चालतात. धातूचे डोळे नसले तर पडद्याच्या किंवा किल्ल्यांच्या गोळ्यांच्या साखळीतले दोन गोळे तोडून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगतो. शिसं घरी वितळवू नये. साच्यात ओलाव्याचा थेंब राहिला तर ते उसळून अंगावर येतं, आणि त्याची वाफ व धूळ मुलांना घातक असते. ब्रिटनने 1987 पासून बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली, कारण हंस ती गिळून मरत होते. पितळी मणी गळात ओवला तरी चालतो. मात्र आधी गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मणी वाकावरून सरकतो.

जिगनंतर वुली बगर. पेनसिल्व्हेनियाच्याच रसेल ब्लेसिंगने 1967 मध्ये ती पाण्यातल्या एका मोठ्या अळीची नक्कल म्हणून बांधली: मॅराबूची शेपटी, मऊ दोऱ्याचं अंग, त्यावर कोंबड्याच्या पिसाचे मोकळे वेढे. आज ती कुणाला जळू वाटते, कुणाला खेकड्याचं पिल्लू, कुणाला बेडकाचं, कुणाला लहान मासा. नेमकी कशासारखी आहे हे ठरत नाही म्हणूनच ती इतक्या पाण्यांत चालते. तिच्यानंतर सॉयरचा निंफ. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळेल. फेझंट नसेल तर कोंबड्याच्या तपकिरी शेपटाचे तंतू घ्या. या सगळ्यात एकच चूक प्रत्येकाची होते: गळाच्या डोळ्याशी जागा उरत नाही आणि शेवटची गाठ दोरी ओवायच्या भोकावरच बसते. म्हणून पहिला वेढा डोळ्यापासून दोन दोऱ्यांच्या जाडीइतका मागे सुरू करावा. तरंगत्या कोरड्या फ्लाय मात्र सध्या सोडून द्याव्यात. त्यांना मुद्दाम पैदास केलेल्या कोंबड्यांची ताठ पिसं लागतात आणि प्रमाणं अवघड असतात. हॅल्फर्डचा अभ्यास त्या वेळी कामी येईल.

शेवटचा आक्षेप असा की कीटक न ओळखता बांधणं म्हणजे अंधारात हात मारणं. हा क्रमच उलटा आहे. ज्याने फेझंट टेल निंफ बांधला आहे त्याने नदीतला एक दगड उलटवून पाहावा. दगडाला चिकटलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या निंफची छाती मागच्या अंगापेक्षा फुगीर दिसेल. त्या फुगवट्यावर पंखांच्या घड्या घातलेल्या पिशव्या असतात, आणि निंफ बाहेर पडण्याच्या दिवसाजवळ आला की त्या काळ्या पडतात. बांधताना सॉयरने तिथेच तारेचा फुगवटा करून त्यावर तंतूंची दुहेरी-तिहेरी घडी का घातली, हे बांधणाऱ्याला बघताक्षणी कळतं. ज्याने ती फ्लाय फक्त विकत घेतली, त्याच्या नजरेला तो काळा फुगवटा बहुधा पडणारच नाही. तो निंफ ओंजळीत पाहून झाला की दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवावा.